कुमार कादंबरी स्वतः छापून खान्देशात विकताना: घेणारा एक, वाचणारा दुसराच

अनेरकाठ

परवा कुणीतरी विचारलं होतं की मराठीत तेरा ते अठरा वयाच्या पोरांसाठी कोण लिहितं, आणि लिहून पुढे करतं काय. तिथे उत्तर लांबायला लागलं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी चोपड्याची. दिवसा कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगवाल्यांचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न बघते. कुमार कादंबऱ्या लिहिते, स्वतःच छापते, स्वतःच विकते. पहिली कादंबरी सावद्याच्या एका मुलीची. तिचं दहावीचं वर्ष, जूनच्या वादळात आडवी झालेली केळीची बाग, बापाचं सोसायटीचं कर्ज आणि वर्गातला एक मुलगा. दुसरी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत घडते, ती सध्या डीटीपीवाल्याकडे, म्हणजे पानं लावणाऱ्याकडे आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं: या वयाच्या पुस्तकाचा गिऱ्हाईक आणि वाचक ही दोन वेगळी माणसं असतात. मोठ्यांच्या कादंबरीत ज्याला वाचायचंय तोच पैसे देतो. चिमुकल्यांचं पुस्तक आई स्वतः वाचून दाखवते, त्यामुळे ते तिलाही आवडावं लागतं. पंधरा वर्षांच्या पोरीच्या खिशात पैसे नसतात. ज्याच्या खिशात असतात तो पुस्तक वाचत नाही, चाळतो. आणि चाळताना दोनच गोष्टी शोधतो, यात 'तसलं' काही नाही ना आणि मार्कांना उपयोग काय.

जळगावच्या एका प्रदर्शनात मी टेबल लावून बसले होते. एक मुलगी उभ्याउभ्या माझं पुस्तक वाचत होती. शेजारच्या स्टॉलवर वडील निबंधाची पुस्तकं बघत होते. तिने पहिलं प्रकरण संपवलं, दुसरं सुरू केलं. वडील आले, पुस्तक तिच्या हातातून घेऊन उलटं केलं, आधी किंमत बघितली, मग मागचा मजकूर. मला विचारलं, "मॅडम, यातून मुलांना काय शिकायला मिळेल?" मी म्हटलं, गोष्ट आहे. "हां, पण बोध काय?" मला पटकन काही सुचलं नाही. सुचलं असतं तरी सांगितलं असतं का, शंकाच आहे. त्यांनी सामान्य ज्ञानाचं एक घेतलं. जाताजाता पोरीने वडिलांची पाठ बघून माझ्या पुस्तकातल्या पुढच्या दोन पानांचे फोटो काढले आणि माझ्याकडे बघून हसली. आता ही वाचक झाली की नाही? हिशेबाच्या वहीत मात्र शून्य.

शाळांच्या प्रदर्शनात माझी स्पर्धा कुणाशी असते, सांगू? साने गुरुजींशी. गंमत नाही करत. गुरुजी ११ जून १९५० ला गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो, म्हणजे २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणालाही छापता येतात. त्यामुळे अनेक प्रकाशकांच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्यात. मुख्याध्यापकांना शंभर प्रती बक्षीस समारंभाला हव्या असतात, नाव सगळ्यांना माहीत, पालक तक्रार करणार नाहीत, आणि किंमत माझ्या निम्म्याहून कमी. मी तरी काय करणार तिथे!

वाईट नाही वाटत, कारण गुरुजी आमच्याच गल्लीतले. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृह सांभाळायचे. तिथल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. ते हाताने लिहिलेलं दैनिक कुणी पालकाने विकत घेतलं नव्हतं. पोरं वाचायची आणि लिहिणारा त्याच छपराखाली झोपायचा. मध्ये कुणी नाही. आज आमची सगळी धडपड तीच आहे, मधल्या माणसाला वळसा घालून पोरापर्यंत जायचं.

माझी लिहायची पद्धत: दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत जिनिंगचा हंगाम, तेव्हा एक ओळ होत नाही. लिहिणं उन्हाळ्यात, पहाटे, ऊन चढायच्या आत. नवाच्या पुढे आमच्याकडे पंखासुद्धा गरम वारा फेकतो. प्रकरण झालं की प्रिंट काढून, स्टेपल मारून शेजारच्या ट्यूशनमधल्या नववी-दहावीच्या पोरांना देते. अभिप्राय मागत नाही. "छान आहे मॅडम" याच्यापलीकडे ती काही बोलत नाहीत. फक्त एवढं सांगते, जिथे कंटाळा आला तिथे पेनाने रेघ मारा आणि सोडून द्या. त्या रेघा मला कुठल्याही समीक्षकापेक्षा जास्त सांगतात.

त्यातल्या एकीने रेघेशेजारी लिहिलं होतं, "हिच्या घरी रात्री फोन कोणाकडे असतो?" एवढंच. पण त्यावर माझं अर्धं पुस्तक उभं राहिलं. घरात स्मार्टफोन एकच. दिवसा बाप शेतात घेऊन जातो, केळीचे भाव आणि व्यापाऱ्याचे फोन त्याच्यावर. संध्याकाळी भाऊ. रात्री चार्जिंगला लावायच्या आधी पाऊण तास अभ्यासाच्या नावाने पोरीला. मग त्या पाऊण तासात ती काय करते, आणि सकाळी भाऊ काय काय उघडून बघतो? सावद्यातला थरार यातच आहे, वाड्यातलं भूत कशाला पाहिजे.

विचारा काय विचारायचं ते. पैशांचंही विचारा.

पांझराकाठचा पुणेकर

मस्त लिहिलंय. मूळ धुळ्याचा, आता कोथरूड. ताई, सरळ आकड्यात सांगा, परवडतं का?

बागायतदार

चांगला उपक्रम. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आजकालची पोरं वाचत नाहीत. आमच्या घरात दोन आहेत, दिवसभर रील. तुम्ही कितीही चांगलं लिहा, गिऱ्हाईकच नाही तर माल कोणासाठी? केळीला निदान व्यापारी तरी येतो.

अनेरकाठ

@पांझराकाठचा पुणेकर, डेमी आकारात एक फर्मा म्हणजे १६ पानं. माझी पहिली १६० पानांची, दहा फर्मे. कागद ७० जीएसएम वजनाचा, नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर. पांढऱ्याशुभ्र कागदावर पोरांना पाठ्यपुस्तक वाटतं.

कागदाचे भाव हलत असतात, म्हणून 'समजा' धरून चला. समजा डिजिटलवर दोनशे प्रती काढल्या आणि प्रतीमागे ७० रुपये पडले. किंमत ठेवली १८०. विक्रेत्याने ४० टक्के मागितले तर ७२ गेले, राहिले १०८. त्यातून छपाईचे ७० वजा, राहिले ३८. या ३८ मध्ये मुखपृष्ठाचं चित्र, मुद्रितशोधन, अभिप्रायाला वाटलेल्या प्रती, विक्रेत्याकडून कोपरे दुमडून परत आलेल्या प्रती आणि माझं एसटीचं तिकीट. विक्रेत्याला दोष नाही देत, त्याला दुकानाचं भाडं आहे. पण म्हणून मी दुकानात ठेवतच नाही. हातविक्री आणि टपाल. त्यात ११० सुटतात, टपाल वाचकाकडून.

नोकरी सोडून जगता येईल का? नाही. दुसरं पुस्तक छापण्यापुरते पैसे पहिलं देतं का? देतं. मला एवढं पुरे.

@बागायतदार दादा, राग कशाला. पण तुमच्या घरातल्या दोघांना शेवटचं पुस्तक, अभ्यासाचं सोडून, कधी आणि कोणतं घेऊन दिलं होतं?

बागायतदार

😀 बरं. पकडलंत.

जुळारी

भुसावळहून. धंदा डीटीपीचा, वडील छापखान्यात खिळे जुळवायचे म्हणून हे नाव. अनेरकाठ ताईंचं दुसरं पुस्तक ज्याच्याकडे "अडकलंय" तो मीच, हे सगळ्यांना सांगून टाकतो. 😀

स्वतः छापणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. तुम्ही मोबाइलवर किंवा वर्डमध्ये युनिकोडात टाइप करता. आमच्याकडे अजून बरंच काम जुन्या फॉण्टात आणि पेजमेकर सॉफ्टवेअरात चालतं. कन्व्हर्टरमधून काढलं की जोडाक्षरं तुटतात. 'दुसऱ्या', 'बऱ्याच' असं लिहिलेलं असतं, त्यातला आडवा र जातो आणि छापून येतं 'दुसर्या', 'बर्याच'. मग शोधा-बदला करायला जावं तर 'सूर्य' आणि 'कार्य'ही बिघडतात, म्हणजे एकेक डोळ्याने बघणं आलं. ताईंच्या पुस्तकात संवाद आमच्याकडच्या बोलीत, पानोपानी 'राह्यला', 'गेलता', 'ऱ्हाऊ दे'. कन्व्हर्टर त्याचा पार भरता करतो.

उपाय: पानं लावायला इनडिझाइन वापरत असाल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (जोडाक्षरं नीट जुळवणारी सोय) लावा आणि युनिकोड फॉण्टातच शेवटपर्यंत राहा. फायनल पीडीएफ आली की सगळ्यात आधी आडवा र असलेले शब्द तपासा, मग बाकीचं. आणि कृपा करून कादंबरी व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यांत पाठवू नका. लोक पाठवतात!

खडूफळा

निवृत्त मुख्याध्यापक, अमळनेर तालुका. धागा आवडला, पण मुख्याध्यापकाला तुम्ही फार स्वस्तात खलनायक केलंत, म्हणून लिहितो.

अनेरकाठ यांच्या पुस्तकाची प्रत माझ्याकडेही आली होती. वाचली. चांगली आहे. त्यात ती मुलगी वर्गातल्या मुलाला वहीच्या शेवटच्या पानावर चिठ्ठी लिहिते. चार ओळी आहेत, त्यात वावगं काही नाही. तरी मी ते पुस्तक शाळेच्या बक्षिसात दिलं नसतं. का, ते ऐका. एखादी चिठ्ठी शाळेत सापडली की त्या मुलीचा बाप कादंबरीकाराकडे जात नाही, माझ्या केबिनमध्ये येतो. आणि पुष्कळदा तो भांडून थांबत नाही, मुलीचं नाव शाळेतून काढतो. मग तिचं लग्न. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे 'तसलं काही नाही ना' असं चाळून बघणारा माणूस नेहमी मागासच असतो असं समजू नका. कधी कधी तो त्या मुलीची दहावी पूर्ण व्हावी म्हणून चाळत असतो.

अनेरकाठ

सर, नमस्कार. तुमचं पटलं, आणि तरी नाही पटलं.

बापाच्या भीतीने शाळेने ते पान बंद ठेवलं तर पोरगी ते मोबाइलवर वाचते. तिथे चिठ्ठीनंतर काय होतं ते कुणी सांगत नाही, तिथे फक्त गाणं लागतं. माझ्या पुस्तकात चिठ्ठी सापडल्यावरची चाळीस पानं आहेत. भाऊ, काका, नाव काढायची भाषा आणि आई काय करते, हे सगळं. तुम्ही केबिनमध्ये जे पाहिलं तेच.

एका शाळेतून निरोप आला होता, चिठ्ठीचं पान काढून द्या, मोठी ऑर्डर देतो. शाळेचं नाव विचारू नका. मी नाही काढलं. मोठेपणा म्हणून सांगत नाही. ते पान काढलं तर पुढची चाळीस कशामुळे घडतात तेच कळत नाही, मग पोरं तिथे रेघ मारणार. माझा मालक तो रेघ मारणारा आहे.

पण तुमच्या म्हणण्यावरून एक ठरवलं. आता शाळांना मी वर्गाच्या वर्ग विकायच्या मागे लागत नाही. शाळेच्या ग्रंथालयाला एक प्रत, तीही शिक्षकाने आधी वाचून मागितली तर.

खडूफळा

हे रास्त आहे. आणि आई काय करते ते प्रकरण उत्तम जमलंय, हे मघाशी लिहायचं राहिलं.

वांग्याचं_भरीत

फक्त माझ्या नावाला स्मरून विचारतो, कादंबरीत भरीत आहे का? आणि कळण्याची भाकरी?

अनेरकाठ

आहे. शेतात, डिसेंबरात, काड्यांच्या जाळावर भाजलेलं. पण त्या पार्टीत भांडण होतं, त्यामुळे फार चव लागत नाही.

वांग्याचं_भरीत

निषेध.

तोरणमाळ

मी धडगाव भागातल्या आश्रमशाळेत शिकवतो. तिकडची बाजू मांडतो, ती पुस्तकांच्या चर्चेत सहसा येत नाही.

आमच्या मुलांची घरची भाषा पावरी किंवा भिलोरी. मराठी ही त्यांची शाळेची भाषा. दहावीतला मुलगा मराठी वाचतो, पण लांबलचक वाक्यात त्याची दमछाक होते. शहरी कुमार कादंबरीतली मुलं अपार्टमेंटमध्ये राहतात, उन्हाळ्यात शिबिराला जातात. आमची मुलं सुट्टीत घरी जातात ती शेतीच्या किंवा मजुरीच्या कामाला. त्यांना ते पुस्तक परदेशातलं वाटतं. अनेरकाठ यांचं पुस्तक मी वसतिगृहात ठेवलं. केळीच्या बागेतली मजुरी त्यांना माहीत आहे, कारण इथून माणसं रावेर-यावलकडे कामाला जातात. एक मुलगा म्हणाला, "सर, यात आपली माणसं पण आहेत, पण ती बोलत नाहीत." म्हणजे बागेत काम करणारे पावरा आदिवासी मजूर पुस्तकात दिसतात, घड वाहतात, पण त्यांच्यातल्या कुणाला नाव नाही. ताई, हे तुमच्यापर्यंत पोचवायचं होतं.

दुसरं, प्रकरणं लहान ठेवा. आमच्याकडे दिवे जातात, आणि झोपायच्या आधी जेवढा वेळ मिळतो त्यात एक प्रकरण बसलं पाहिजे.

तिसरं. एकच प्रत होती. मुलांनी आपापसात क्रमांक लावले. पुस्तकाचं कव्हर आता राहिलेलं नाही, सुतळीने शिवलंय.

अनेरकाठ

सर, ही पोस्ट मी दोनदा वाचली. "ती बोलत नाहीत" हे त्या मुलाने अगदी नेमकं पकडलंय. पावरी मला येत नाही. त्यामुळे उगाच दोन शब्द पेरून त्यांना बोलकं करणार नाही, ते सजावटीसारखं होईल. त्या मुलाला विचाराल का, बागेतली गोष्ट तो स्वतः लिहील का? कितीही छोटी, कुठल्याही भाषेत. त्याच्या नावाने छापू, घरच्यांची परवानगी घेऊन.

प्रती पाठवते. पैसे नकोत.

लिंबाखाली

पंधरा वर्षांच्या मुलीची आई आहे, भडगाव. मी हे पुस्तक मुलीच्या आधी वाचलं, मुद्दाम, काय आहे बघायला म्हणून. म्हणजे तुमचा तो 'चाळणारा' मीच. 😊 वाचून झाल्यावर तिला काही न बोलता कपाटात दिसेल असं ठेवलं. तिने नेलं, परत ठेवलं. आम्ही दोघी त्यावर एक शब्द बोललो नाही. पण आठवड्याभराने तिने विचारलं, "मम्मी, तुझ्या वेळेस फोन नव्हता तर चिठ्ठ्या कोण पोचवायचं?" मग मी सांगितलं. 😀 एवढंच.

अहिराणी_माणूस

सगळं ठीक, पण संवाद लेवा बोलीतच का? खान्देश म्हणजे फक्त रावेर-यावल नाही. धुळे, साक्री, शिरपूर, पारोळा, अमळनेर या पट्ट्यात अहिराणी चालते. आम्हनी भाषामा कव्हय लिव्हशात?

अनेरकाठ

भाऊ, सावद्याची माणसं लेवा बोलीत बोलतात म्हणून संवाद तसे आहेत. शिरपूरची गोष्ट लिहिली तर अहिराणीत बोलतील. निवेदन साध्या मराठीतच ठेवते, म्हणजे नागपूरच्या पोरालाही वाचता येईल. खरं सांगू, बोलीची तक्रार पोरांनी कधीच केली नाही. शिक्षकांनी केली, "यामुळे लेखन बिघडेल." मी त्यांना बहिणाबाईंचं नाव सांगते. असोद्याची बाई, लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्या माणसांनी ऐकून उतरवून घेतलं म्हणून राहिलं, आणि १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर पुढच्या वर्षी, कविता छापून आल्या. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मग लेखन बिघडलं ते कुणाचं?

अहिराणी_माणूस

हाई बरोबर शे. पण शिरपूरनं लिव्हा मंग. वाट देखस.

कपाट_क्रमांक_सात

सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. स्वतः छापणारे बरेच जण ज्या गोष्टी सोडून देतात त्या सांगतो.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा, लेखकाला व्यक्ती म्हणूनही करता येतो. कुणी पैसे मागत असेल तर तो त्याच्या मेहनतीचे मागतोय, क्रमांकाचे नाही. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, लिहिल्याक्षणी हक्क तुमचाच. नोंदणी केलीत तर वाद झाल्यास पुरावा म्हणून उपयोगी पडते, साहित्यकृतीला शुल्क ५०० रुपये. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने, म्हणजे इथे तुम्हीच, पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. हे फार कमी जण करतात. करा. तुमचं पुस्तक तुमच्या माळ्यावर वाळवीने खाल्लं तरी तिथे एक राहतं.

पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तीही बघा.

आणि वाचनालयातला अनुभव. कुमार विभागाच्या कपाटात ठेवलं तर सोळा वर्षांचा मुलगा त्याला हात लावत नाही, 'हे लहान पोरांचं' म्हणतो. मी अनेरकाठ यांचं पुस्तक मोठ्यांच्या कादंबऱ्यांत ठेवलंय. कायम कुणीतरी घरी नेलेलंच असतं.

पांझराकाठचा पुणेकर

वाचनखूण साठवली. ई-बुकचं काय? पोरं फोनवरच असतात ना, मग कागद कशाला?

अनेरकाठ

ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तक स्वतः टाकता येतं. मानधन ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर सिलेक्ट नावाच्या योजनेत जावं लागतं, आणि त्यात ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. म्हणजे प्रतिलिपी या गोष्टींच्या ॲपवर क्रमशः टाकत असाल तर ते बंद. मी एक प्रयोग म्हणून ठेवलंय. वाचणारे बहुतेक पुण्या-मुंबईतले, वय चाळीसच्या पुढे, सावद्याची आठवण काढणारे. 😀 पोरांकडे किंडलचा खर्च करायला कार्ड कुठून येणार? तोच प्रश्न परत, पैसे ज्याच्याकडे तो वाचक नाही.

आणि फोन घरात एकच असेल तर त्या पाऊण तासात कादंबरी कोण वाचणार. कागद दुपारी वाचता येतो, गच्चीवर, शेतात, एसटीत. कुणी मागून बघितलं तर अभ्यासाचं वाटतं.

तापी_एक्सप्रेस

तुमच्या पुस्तकाची पीडीएफ एका ग्रुपवर फिरतेय, माहीत आहे का? आमच्या क्लासच्या ग्रुपवर आली होती. पानांचे फोटो काढून बनवलेली.

अनेरकाठ

माहीत आहे. दोन पानं वाकडी आहेत आणि एकावर कुणाचा तरी अंगठा आलाय. मोठ्या माणसाने केलं असतं तर भांडले असते. पोरांनी केलंय, एकेक पान दाबून धरून. कुठल्या तोंडाने भांडू?

जुळारी

मी मात्र भांडणार. पीडीएफ फुकट फिरली तर पुढची छपाई कोण करणार? पोरं असली तरी एकदा नीट सांगायला हवं. ताईंचा जीव मऊ आहे, प्रेसवाल्याचा नसतो.

कपाट_क्रमांक_सात

+१. नुसतं "हे करू नका" म्हणण्यापेक्षा पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहा, प्रत हवी असेल आणि पैसे नसतील तर या पत्त्यावर पोस्टकार्ड टाका.

तापी_एक्सप्रेस

मी अकरावीत आहे, जळगाव. एक सांगू का? पुस्तक आवडलं पण शेवट नाही आवडला. ती मुलगी शेवटी सगळ्यांना माफ करते. भावाला का माफ केलं? त्याने तिचे मेसेज बाबांना दाखवले होते. मी नसतं केलं. पुढच्या पुस्तकात असं करू नका प्लीज.

अनेरकाठ

हे मला ट्यूशनमधल्या कुणी सांगितलं नाही, बहुधा तोंडावर बोलायला संकोचली असतील. भाऊ पहिल्या दिवशी माफी मागत नाही, हे तुला खटकलं की ती मागायला लावत नाही, हे?

तापी_एक्सप्रेस

मागायला लावत नाही हे.

अनेरकाठ

कळलं. भुसावळच्या गोष्टीतही एक भाऊ आहे. जुळारीभाऊ, शेवटचं प्रकरण दोन दिवस थांबवा, मला हात घालायचाय.

जुळारी

ताई!! पानं लागून झालीत. १६० मध्ये बसवली होती. आता तुम्ही हात घातला की १६३ होणार, मला माहीत आहे तुमचं.

अनेरकाठ

झाली तर?

जुळारी

तर अर्धा फर्मा वाढेल, १६८. पाच पानं कोरी जातील, त्यांचाही कागद लागतो. अक्षर बारीक करून १६० मध्ये कोंबू शकतो, पण मग तुमची पोरं रेघा मारतील.

तोरणमाळ

कोरी पानं असतील तर टाकू नका. आमच्या वसतिगृहातल्या प्रतीत मागच्या कव्हरच्या आत मुलांनी आपापली नावं आणि वाचून झाल्याच्या तारखा लिहिल्यात. जागा संपली म्हणून भांडणं झाली होती.

अनेरकाठ

मग ठरलं, १६८. कोऱ्या पानांवर वर फक्त 'वाचणाऱ्याचं नाव' आणि खाली रेघा. जुळारीभाऊ, किंमत वाढवणार नाही, आधीच सांगते.

जुळारी

नका वाढवू. फाइल पाठवा. एकच फाइल, मेलवर.